'नंतर वाचू' म्हणून साठवलेल्या २३४७ लिंका, काय करू?

डबल_कटिंग | शनिवार, रात्री ११:५२

मंडळी, लाज सोडून विचारतोय. मी २०१४ पासून पॉकेट हे लेख नंतर वाचायला साठवायचं अॅप वापरत होतो, काही चांगलं दिसलं की बटण दाबायचं आणि विसरायचं. ते चालवणाऱ्या मोझिलाने ते बंद करतोय असं २०२५ च्या मे महिन्यात सांगितलं आणि ८ जुलैला बंद केलं, तेव्हा सगळ्यांसारखी मीपण माझ्या लिंकांची सीएसव्ही फाइल (साधा तक्ता) उतरवून घेतली आणि डेस्कटॉपवर टाकून दिली. म्हणजे नंतर वाचायच्या गोष्टींची यादीच नंतर वाचायला ठेवली.

काल लॅपटॉप बदलला म्हणून ती फाइल उघडली. न वाचलेल्या २३४७. वाचलेल्या २१२, आणि त्यातल्यापण अर्ध्याअधिक मी न वाचताच टिक केल्यात हे मला पक्कं माहितीये. दोन तास बसून विषयवार लावायचा प्रयत्न केला, अठरा विषय झाले, त्यातला सगळ्यात मोठा विषय "इतर".

कुठलं अॅप घेऊ हे विचारत नाहीये, ते शोधायच्या नादात अजून ४० लिंका साठवून झाल्यात. यातलं आधी काय वाचायचं हे तुम्ही ठरवता कसं ते सांगा. का कोणीच ठरवत नाही?

बिनसाखरेचा | शनिवार, रात्री ११:५८

वाखुसा (वाचनखूण साठवली). सावकाश वाचतो.

(हो, कळलं मला काय बोललो ते.)

खानदेशी_भरीत | रविवार, सकाळी ७:१५

सगळं उडव. कंट्रोल ए, डिलीट. जे खरंच महत्त्वाचं असेल ते परत समोर येतंच. मी मागच्या दिवाळीत फराळाआधी हेच केलं, आजतागायत एकाही लिंकची आठवण झालेली नाही.

डबल_कटिंग | रविवार, सकाळी ९:०३

भरीत, हात धजत नाही रे. त्यात कुठेतरी काहीतरी भारी आहे असं वाटत राहतं. आजीच्या ट्रंकेसारखं.

सेमीकोलन | रविवार, सकाळी १०:२०

आधी गणित करू. एक लेख सरासरी आठ मिनिटं धर. २३४७ गुणिले आठ म्हणजे १८,७७६ मिनिटं, म्हणजे जवळपास ३१३ तास. रोज अर्धा तास न चुकता वाचलंस तर ६२६ दिवस, पावणेदोन वर्षं. आणि हे तू आजपासून एकही नवी लिंक ठेवली नाहीस तर. रोज किती ठेवतोस? पाच धरल्या तरी रोजची ४० मिनिटं नवीन चढतात आणि ३० उतरतात.

शाळेत हौदाचं गणित होतं ना, एक नळ हौद भरतो आणि दुसरा रिकामा करतो, तर हौद किती वेळात रिकामा होईल. तुझा हौद रिकामा होणारच नाही. त्यामुळे "२३४७ कशा वाचू" हा प्रश्नच सोड, त्यातल्या शंभर कुठल्या हे विचार.

काणकोणकार | रविवार, सकाळी १०:४१

पाच? माझ्या रोजच्या पंधरा असतील. फोनच्या क्रोममध्ये शंभर टॅब झाले की आकडा दिसायचा बंद होतो आणि तिथे हसरा चेहरा येतो, तो माझ्याकडे बघून गेली तीन वर्षं हसतोय.

क्षुद्रलेखन | रविवार, सकाळी ११:०५

अवांतर: 'लिंका' की 'लिंक्स'? बँकचं बँका होतं तर लिंकचं लिंका बरोबरच आहे, पण वाचताना लंकाच दिसते.

शांतता_राखा | रविवार, दुपारी १:३०

जेवणं उरकून निवांत लिहिते आहे. मी तालुक्याच्या वाचनालयात एकतीस वर्षं ग्रंथपाल होते, तेव्हा तुमच्या या फाइलकडे बघून मला आमची मागची खोली आठवली. लोक घर बदलताना पोत्यांनी पुस्तकं आणून देत. नाही म्हणायची पंचाईत, घेतली तर ठेवायची कुठे ही पंचाईत. पहिली दोन वर्षं मी तेच केलं जे तुम्ही केलंत, विषयवार लावत बसले. कथा एका बाजूला, धार्मिक एका बाजूला, दोन महिने गेले. लावून झाल्यावर कळलं की निम्मी पुस्तकं कोणी हातात धरणार नाही. मग पद्धत बदलली. पोतं उघडलं की पहिलं काम, काय ठेवायचं नाही ते बाजूला. फाटलेलं, आपल्याकडे आधीच असलेलं, मुदत संपलेली गाइडं. हे दहा मिनिटांत होतं, कारण त्याला विचार लागत नाही. उरलेल्याला मग विषय.

डबलकटिंग, तुम्ही उलटं करताय. अठरा कप्पे केलेत आणि त्या कप्प्यांत २०१५ सालचे "या वर्षी कुठला फोन घ्यावा" असे लेख नीट घडी करून ठेवलेत.

दुसरं, रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं मांडली, त्यात चौथं म्हणजे वाचकाचा वेळ वाचवा. आम्ही परीक्षेपुरतं पाठ केलं होतं, नोकरीत कळलं. विषय सांगतो पुस्तक कुठे आहे, पण आज ते हातात का घ्यावं हे विषय सांगत नाही. माझ्याकडे येणारा माणूस "अर्थशास्त्र द्या" म्हणायचा नाही, "पोराची परीक्षा सोमवारी आहे" म्हणायचा. म्हणून लिंक ठेवताना विषय लिहू नका, कशाला ठेवली ते एका ओळीत लिहा. "बाल्कनीत मिरची लावायची आहे, जूनच्या आधी वाचणे." ती ओळ सुचली नाही तर ठेवूच नका.

बिनसाखरेचा | रविवार, दुपारी १:४४

ताई, हे फ्रेम करून लावायला हवं. +१

एडिसनची_आजी | रविवार, संध्याकाळी ६:१०

इथे अमेरिकेत सकाळ झाली, चहा घेता घेता लिहितेय. आमच्या ह्यांचा कात्रणांचा नाद होता, दादरला असताना. रविवारच्या पुरवण्या सोमवारी कापायच्या, मंगळवारी रद्दीत. लांबट हिशेबाची वही आणि डिंक. चाळीस वर्षांत किती झाल्या असतील तर अकरा वह्या. इथे येताना सामानात तीन आणल्या, त्या अजून आहेत आणि मी खरंच उघडते.

अकराच का झाल्या याचं कारण सांगू का, कात्री कधी जागेवर नसायची. कात्री शोधायची, मागच्या पानावर काय आहे ते बघायचं (तिथे कोणाचं तरी शब्दकोडं अर्धवट असायचं आणि घरात भांडण), डिंक वाळलेला, त्यात पाणी घालायचं. एवढं सगळं ज्या लेखासाठी करावंसं वाटेल तोच वहीत जायचा. तुमचं बटण फार सोपं झालंय बाळा. मीच बघ ना, हे गेल्यापासून मी स्वतःलाच व्हॉट्सअॅप करत असते लेख, आणि वर स्क्रोल करून कधीच बघत नाही.

डबल_कटिंग | रविवार, रात्री ८:२७

आजी, मागच्या पानावरचं शब्दकोडं वाचून मोठ्याने हसलो. आणि बाबांच्या कात्रणांची प्लास्टिकची पिशवी माळ्यावर आहे हे आठवलं. तो विषय नको आत्ता.

शांतताताई, पटलं. पण आधीच्या २३४७ ना कशाला ठेवल्या ही ओळ नाही. ती आता कुठून आणू?

सेमीकोलन | रविवार, रात्री ९:०२

तारखेवरून निघेल. सीएसव्ही स्प्रेडशीटमध्ये उघड. एक कॉलम शीर्षक, एक पत्ता, मग कधी ठेवली ती वेळ, मग टॅग, मग वाचली की नाही. वेळ म्हणजे एक दहा आकडी नंबर दिसेल, घाबरू नको, १ जानेवारी १९७० पासून किती सेकंद झाले ते मोजलेलं असतं. त्याला ८६,४०० ने भाग (एका दिवसाचे सेकंद), त्यात १ जानेवारी १९७० ही तारीख मिळव, आणि सेलचा फॉरमॅट तारीख-वेळ कर. ही वेळ ग्रीनिचची येते, आपली हवी असेल तर साडेपाच तास अजून मिळव.

मग पत्त्यातून फक्त साइटचं नाव वेगळं काढ, तिरक्या रेघेवर (/) तोडलं की निघतं. आणि पिव्हट टेबल लाव, कुठल्या साइटच्या किती, कुठल्या महिन्यात किती. तू काय ठेवत होतास ते दहा मिनिटांत समोर येईल. एकच लिंक दोनदा तीनदा ठेवलेली असते ती आधी काढून टाक, शेपटाला प्रश्नचिन्हानंतर जो पाल्हाळ असतो तो कापून मग तुलना कर, नाहीतर सारख्या लिंका वेगळ्या दिसतात.

काणकोणकार | रविवार, रात्री ९:३०

मला एक सांगा, तारीखवार लावल्यावर वाचायचं कुठून, जुन्यापासून का नव्यापासून? मी जुन्यापासून सुरू केलं होतं, रांगेत आधी आलेल्याचा नंबर आधी म्हणून. २०१६ च्या नोटाबंदीवरच्या तेवीस लेखांत असा अडकलो की वाचायचंच सोडलं.

खानदेशी_भरीत | रविवार, रात्री ९:३४

नव्यापासून. रेशनची रांग आहे का ती, जुन्या लेखांना राग येत नाही.

शांतता_राखा | रविवार, रात्री ९:५०

नव्यापासून हेही सरसकट नको. बातमी असेल तर नवी आधी, आणि महिना उलटला की बाद. पण एखादा लांब लेख, समजा मराठवाड्यातल्या बारवांवरचा, दहा वर्षं जुना असला तरी त्याचं काय बिघडतं? जे शिळं होतं आणि जे मुरतं ते एका यादीत ठेवलं की शिळं नेहमी पुढे घुसतं, कारण त्यालाच घाई असते.

सेमीकोलन | रविवार, रात्री १०:०५

ताईंच्यात अजून एक भर. त्यात अर्ध्या गोष्टी वाचायच्या नसतातच. रेसिपी वाचायची नसते, करायच्या दिवशी बघायची असते. रिटर्न कसं भरायचं हा लेख म्हणजे जुलैच्या आधी करायचं काम आहे, त्याची जागा कॅलेंडरमध्ये, तारखेच्या खाली लिंक चिकटवून. हे दोन प्रकार यादीतून बाहेर काढलेस की उरलेलं खरं वाचन फारच थोडं असतं. माझ्या ९०० मधून १७० उरलं होतं.

क्षुद्रलेखन | सोमवार, सकाळी ८:४०

टॅगबद्दल कोणी बोललं नाही म्हणून मी बोलतो, हा माझा जखमेवरचा विषय आहे. माझ्याकडे "आरोग्य", "हेल्थ", "तब्येत" असे तीन टॅग निघाले, तिन्हीत मधुमेह. "पाककृती" दीर्घ आणि "पाककृति" ऱ्हस्व असे दोन, शिवाय "रेसिपी". अॅपला काय कळणार, त्याच्या लेखी ते वेगवेगळे शब्द. तेव्हा मराठीत टॅग करणार असाल तर पाचसहाच ठेवा, कागदावर लिहून मॉनिटरला चिकटवा, आणि ऱ्हस्वदीर्घ एकदाच ठरवा. नंतर शोधताना आपणच आपल्या शुद्धलेखनाला फसतो.

दुसरं दुखणं. युनिकोड (सगळ्या मशिनवर चालणारी अक्षरांची एकच पद्धत) रुळण्याच्या आधी मराठी वर्तमानपत्रांच्या साइट आपापले फाँट वापरायच्या. त्या काळातलं पान जसंच्या तसं सेव्ह केलेलं असेल आणि तो फाँट मशिनवर नसेल तर इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची गिचमिड दिसते. लोक खराब झालं म्हणून डिलीट करतात. खराब नसतं ते, मजकूर त्याच गिचमिडीत असतो, फाँट कन्व्हर्टरमधून काढला की वाचता येतो, जोडाक्षरं थोडी मोडतात तेवढी हाताने नीट करायची. मी एका लेखमालेचे नऊ भाग असे परत मिळवले.

काणकोणकार | सोमवार, सकाळी ९:१५

आणि जी पानंच उडालीत त्यांचं काय? माझ्या जुन्या लिंकांपैकी कितीतरी उघडतच नाहीत.

सेमीकोलन | सोमवार, सकाळी ९:४०

ते सगळीकडेच आहे. प्यू रिसर्च सेंटरने २०२४ मध्ये अभ्यास छापला होता, २०१३ साली असलेल्या पानांपैकी ३८ टक्के दहा वर्षांनी सापडत नव्हती. पत्ता वेबॅक मशिनमध्ये टाकून बघ, इंटरनेट अर्काइव्हची सेवा आहे, २००१ पासून लोकांसाठी खुली आहे. तारखांचं कॅलेंडर येतं, ज्या दिवशी प्रत घेतली त्यावर गोल असतो. एखादं पान आज जपायचं असेल तर तिथेच "आत्ता जतन करा" अशी सोय आहे. मी तर जे जिवाभावाचं असेल त्याची पीडीएफ करून ठेवतो. लिंक म्हणजे फक्त पत्ता, घर नाही. पॉकेटच्या त्या सीएसव्हीतही लेखांचा मजकूर नव्हताच, पत्तेच होते.

आणि अॅपच्या भरवशावर तर अजिबात राहू नका. गुगल रीडर १ जुलै २०१३ ला गेलं, ऑम्निव्होर नोव्हेंबर २०२४ मध्ये, मग पॉकेट. मी सध्या वॉलाबॅग हे लेख साठवायचं सॉफ्टवेअर स्वतःच्या सर्व्हरवर चालवतो, पण ते सगळ्यांना सांगणार नाही, सर्व्हर सांभाळणं हा वेगळा संसार आहे.

बिनसाखरेचा | सोमवार, दुपारी १२:२०

वाचलं बरं का सगळं, काल रात्रीच. माझा उपाय सांगतो, मी वाचतच नाही, ऐकतो. एज ब्राउझरमध्ये रीड अलाउडला मराठी आवाज आहेत, ठाणे ते सीएसएमटी स्लो लोकलमध्ये दोन लेख होतात. आकडे आणि इंग्रजी नावं आली की गंमत करतो तो, पण ललित लेखन चालून जातं. काय आधी, तर जे कानाने चालेल ते आधी. तक्ते असतील ते घरी.

खानदेशी_भरीत | सोमवार, दुपारी १२:३१

ट्रेनमध्ये झोप की रे जरा.

डबल_कटिंग | पंधरा दिवसांनी, रविवार, रात्री १०:४४

धागा वर काढतोय, हिशोब द्यायचाय.

दुहेरी लिंका काढल्या, १३४ होत्या. उरल्या २२१३. मग ताईंनी सांगितलं तसं आधी बाद करणं. फोन-लॅपटॉपचे रिव्ह्यू, जुन्या निवडणुका, क्रिकेटच्या मॅचेसची विश्लेषणं (आयपीएल २०१७ मध्ये कोणाची टीम मजबूत, हे मला २०२६ मध्ये वाचायचं होतं), "सकाळी पाचला उठणाऱ्या लोकांच्या सवयी" या विषयावर एकोणीस लेख, सगळे रात्री एकनंतर साठवलेले. एका संध्याकाळीच चौदाशेच्या वर गेल्या. रेसिपी बायकोला दाखवल्या, तिने बारा ठेवल्या आणि बाकीच्यांबद्दल जे बोलली ते इथे लिहिता येणार नाही. २०१४-१५ च्या उरलेल्यांपैकी ६१ उघडल्याच नाहीत, त्यातल्या चार वेबॅकवर मिळाल्या.

खरी गंमत पिव्हट टेबलमध्ये झाली. डिसेंबर २०२१ मध्ये एकदम उंच खांब. बघितलं तर ४१ लिंका गुडघ्यावरच्या. आईचं ऑपरेशन होतं तेव्हा. सेमीकोलनने सांगितलेली बेरीज आधी केली नव्हती, त्यामुळे वेळ रात्रीचे आठपन्नास, नऊवीस अशी दिसत होती, म्हटलं ठीक आहे, जेवण झाल्यावर बघत असेन. मग साडेपाच तास मिळवले. दोन वीस. दोन पन्नास. एक तर पहाटे चार दहाची. सलग नऊ दिवस. मला हे अजिबात आठवत नव्हतं, मी सगळ्यांना सांगतो की मी निवांत होतो.

एकीवरही वाचल्याची टिक नव्हती. म्हणजे तेव्हा तिथल्या तिथे वाचली असणार, टिक करायला कोण बसतंय. आई आता रोज सकाळी पर्वतीच्या पायथ्यापर्यंत चालते, त्यामुळे कशाला ठेवल्या ही ओळ संपलेली आहे. ४१ उडवल्या.

आता शिल्लक ११८. त्यातल्या २६ आवाजाने ऐकायच्या यादीत. आजी, नव्या लिंकेसाठी मी कात्रीचा नियम केलाय, फोनवरून साठवायचं बंद, संध्याकाळी लॅपटॉप उघडून ओळ लिहून मगच. पंधरा दिवसांत सात झाल्या.

एडिसनची_आजी | रविवार, रात्री ११:२०

सात पुष्कळ झाल्या. आईंना माझा नमस्कार सांग.

शांतता_राखा | सोमवार, सकाळी ७:०५

छान केलंत. ११८ मधल्यापण निम्म्या जातील, घाई नाही. "इतर" कप्प्याचं काय झालं?

डबल_कटिंग | सोमवार, सकाळी ८:३०

ताई, सगळ्यात चांगल्या लिंका त्याच कप्प्यात निघाल्या. ज्यांना विषय सापडत नव्हता त्याच. एक तर बेळगावच्या एका माणसाने सायकलच्या घंट्या दुरुस्त करण्यावर लिहिलंय, तीनदा वाचला.

काणकोणकार | सोमवार, सकाळी ८:५२

डबल, एक विचारू का. गुडघ्याच्या लिंका खरंच उडवल्यास? माझ्या आईचं १८ तारखेला आहे, दोन्ही गुडघे. मी चार दिवस शोधतोय, प्रत्येक ठिकाणी वेगळं लिहिलंय, आणि ठेवतोय नुसत्या.

डबल_कटिंग | सोमवार, सकाळी ८:५५

शीटमधून उडवल्या, मूळ सीएसव्ही आहे. जेवणाच्या सुट्टीत बघतो.

डबल_कटिंग | सोमवार, दुपारी १:४०

व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय. ४१ उघडून बघितल्या, पाचच पाठवल्यात. पहिली ऑपरेशनच्या आधीच्या व्यायामांची आहे, ती आजच वाच आणि डॉक्टरांना विचारून सुरू करा. दुसरी घरातल्या तयारीची, संडास-बाथरूममध्ये धरायला दांडा, उंच कमोड, पायात अडकणाऱ्या सतरंज्या काढणं, ती १८ च्या आधीच्या रविवारी. तिसरी-चौथी घरी आणल्यावर उघड, आत्ता नको, उगाच घाबरशील. इम्प्लांटच्या किमतींवरची एक होती, २०१७ च्या ऑगस्टमध्ये सरकारने मर्यादा घातली तेव्हाची, तिच्यातले आकडे आता जुने झालेत म्हणून पाठवली नाही, हॉस्पिटलकडून लेखी अंदाजपत्रक घे.

पाचवी वाचली नाहीस तरी चालेल. पहाटे चार दहाची आहे ती.